टेकाडावरचं मीठ

“मीठ कमी पडलं,” कारखानीस सर म्हणाले. “दोघींनाही कमी पडलं. आणि सारखंच कमी पडलं, हे जास्त वाईट.”

सरांच्या टेबलासमोर मी आणि ललिता इंगोले शेजारी शेजारी उभ्या होतो. मार्चची सकाळ होती. खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो नाशिककडे चालले होते आणि वर पंखा कुरकुरत होता.

“किती कमी, सर?” मी विचारलं.

“दर पाचांतल्या दोन जोड्या तुम्हाला सापडल्या नाहीत, घोरपडे. इंगोल्यांनाही सापडल्या नाहीत.” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “इथे येण्याआधी मी कॉलेजात शिकवत होतो. परीक्षेला वर्गावर लक्ष ठेवायचं काम कायम माझ्याच गळ्यात. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर मी कधी संशय घेतला नाही. बरोबर उत्तर एकच असतं. पण चुकीचं उत्तर सारखं आलं, की मी दोन्ही पेपर जवळजवळ ठेवून बघायचो.”

ललिताचा चेहरा लाल झाला. “म्हणजे आम्ही कॉपी केली म्हणता, सर?”

“तुम्ही दोघी एका खोलीत राहता,” सर शांतपणे म्हणाले.

त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाशी भांडता येतं. सर मात्र दुखावले गेले होते, आणि दुखावलेल्या माणसापुढे काय बोलायचं हे मला त्या वयात मुळीच कळत नव्हतं.

हे मिठाचं प्रकरण काय ते आधी सांगते. आमच्या संस्थेच्या तळघरात एक खोली होती. खोलीत एक भक्कम टेबल, टेबलाच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढा सीझियमचा स्रोत, आणि त्याच्याभोवती पंगतीला बसवावेत तसे गोल मांडलेले डिटेक्टर. दर दोन डिटेक्टरांमध्ये शिशाच्या विटांची भिंत, म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात कुणी हात घालू नये. सीझियमच्या अणूचं केंद्र बदललं की त्याच्याजवळ थोडी ऊर्जा शिल्लक राहते. ती ते एकाच फोटॉनच्या, म्हणजे किरणाच्या एका कणाच्या, रूपात बाहेर फेकतं. एक अख्खा लाडू. लाखो वेळा असंच होतं. पण गणित असं सांगत होतं, की फार क्वचित ते केंद्र लाडू फोडून देत असलं पाहिजे. एकाच क्षणी दोन फोटॉन. तुकडे लहानमोठे कसेही पडोत, दोन्ही मिळून लाडू एकच. सीझियममधली ही जोडी तोवर जगात कुणाला दिसलेली नव्हती, आणि आम्ही तिच्या मागे लागलो होतो.

अडचण होती ती लबाडीची. एखादा अख्खा फोटॉन एका डिटेक्टरवर आपटतो, थोडी ऊर्जा तिथे ठेवतो आणि उरलेली घेऊन उसळून दुसऱ्या डिटेक्टरात शिरतो. आपल्याला दिसतात दोन तुकडे, आणि बेरीज करावी तर लाडू पुरा. शिशाच्या भिंती होत्या त्या यासाठीच. शिवाय खरी जोडी एकदम येते, उसळून आलेला तुकडा निमिषभर उशिरा येतो, हाही एक फरक. तरी काही लबाड निसटायचेच. त्यातही जे आपटून सरळ उलट फिरतात, ते सगळे ऊर्जेच्या आलेखावर एकाच ठिकाणी गोळा होतात आणि तिथे एक उंचवटा दिसतो. सर त्याला टेकाड म्हणायचे, म्हणून आम्हीही टेकाड म्हणायचो.

या टेकाडानं सरांना तरुणपणी चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. ती गोष्ट ते दर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत. कुठल्याशा परिषदेत त्यांनी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं, की दोन फोटॉनांची जोडी मला सापडली. मागच्या रांगेतून एक म्हातारे प्राध्यापक उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, “तुमची जोडी नेमकी टेकाडावरच का राहते?” सभागृह हसलं. सरांनी कानाला खडा लावला. गोष्टीच्या शेवटी ते आम्हाला बजावत, “त्या टेकाडावर माणसानं पाय ठेवू नये.” सांगताना स्वतः हसायचे, पण कान लाल व्हायचे.

त्या फजितीतूनच सरांची शिस्त आली होती. खरा डेटा त्यांनी आमच्यापासून लपवून ठेवला होता, परवलीचा शब्द फक्त त्यांच्याकडे. आम्ही त्याला झाकण म्हणायचो, कारण भात शिजेपर्यंत झाकण काढायचं नसतं. आम्हाला सरावासाठी वेगळा डेटा मिळे आणि त्यात सर कॉम्प्युटरनं बनवलेल्या खोट्या जोड्या मिसळत. हे मीठ. किती टाकलं ते त्यांनाच माहीत. आम्ही चव घेऊन सांगायचं. दोघींनी वेगवेगळं सांगायचं, आणि दोघींचं बरोबर आलं तरच झाकण उघडायचं. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, दोन माणसांना एकमेकांचं ऐकून आणखी लवकर दिसतं, असं सरांचं म्हणणं. म्हणून कामाबद्दल आम्ही एकमेकींशी अवाक्षर काढायचं नाही, असा कडक अबोला त्यांनी आमच्यावर लादला होता.

आता एकाच खोलीत राहणाऱ्या दोन बायकांनी दिवसभर जे करतो त्याबद्दलच बोलायचं नाही, ही काय चेष्टा आहे का? पण आम्ही तो अबोला पाळला. ललिता माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. अकोटच्या ज्युनियर कॉलेजातली पक्की नोकरी तशीच ठेवून, बिनपगारी रजा काढून पीएचडीला आलेली. स्वभावानं मोकळी, आवाज खणखणीत, आणि विचार करताना पुटपुटायची सवय. कणीक मळतानाही तिच्या तोंडून आकडे सांडायला लागायचे. ते कानावर पडू नयेत म्हणून मी मोठ्यानं आरती म्हणायला लागायचे. ललिता भानावर येऊन जीभ चावायची. खालच्या घरमालकीणबाईंचा समज असा झाला, की ही सांगलीकडची मुलगी फार देवभोळी आहे. दर संकष्टीला त्या माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी पाठवू लागल्या. मग मला उपास धरणं आलं. ललिता समोर बसून झुणका-भाकरी खायची आणि म्हणायची, “पाय बरं, विज्ञानासाठी लोकायनं काय काय सोसलं.”

इतकं करून आता कॉपीचा आळ.

“सर, आम्ही एक शब्दही बोललेलो नाही,” मी म्हटलं.

“तुमच्यावर विश्वास ठेवायला मला आवडेल,” सर म्हणाले. “पण ज्यांचं काम मी तपासणार त्यांच्यावर नुसत्या आवडीनं विश्वास ठेवायचा, तर ही सगळी यातायात कशाला? काल मी तुमची सगळी गणितं पाहिली. वेळेची खिडकी बरोबर आहे. डिटेक्टर किती पकडतो आणि किती सोडतो, तो हिशेब बरोबर आहे. चूक कुठे आहे ते मला सापडत नाही, पण दोघींची आहे आणि एकच आहे. म्हणजे दोन परीक्षक नाहीत, एकच आहे.”  पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. “एकीनं या कामातून बाजूला व्हावं. तिच्या जागी मी नवा माणूस घेईन. कुणी व्हायचं ते तुम्ही ठरवा आणि उद्या मला सांगा.”

बाजूला होणं म्हणजे काय ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. तीन वर्षं पाण्यात. नवा विषय, पहिल्यापासून सुरुवात. मला ते परवडलं असतं, रडतकढत का होईना. ललिताची रजा जूनमध्ये संपत होती आणि वाढवून मिळणार नव्हती. ती बाजूला झाली असती तर रिकाम्या हातानं अकोटला परत, अकरावीच्या पोरांना पुन्हा लंबक मोजायला लावायला. आणि वर हा डाग.

आम्ही कँटीनमागच्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो. चहा आणला, पण कुणी तोंडाला लावला नाही.

“मी जाते,” मी म्हटलं.

“काहून?”

“तुझी रजा संपतेय. मी लहान आहे, मी दुसरा विषय घेईन. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“बम आहे, ढीगभर आहे.” ललितानं चहाचा कप बाजूला सरकवला. “तू गेली म्हणजे तू कॉपी केली. अन् मी राह्यली म्हणजे मी तुह्या पाठीवर पाय देऊन राह्यली. अशी पीएचडी घेऊन मी घरी गेली, तर माह्या मायला तोंड कसं दाखवू? ते काई नाई. जायचं तर मी जाईन.”

“तू गेलीस तर काय, मला मिरवता येणार आहे?”

“मग बस दोघीबी इथंच, निंबोळ्या मोजत.”

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं.  सर आपल्याला खोटारड्या समजतात, हे सगळ्यात जास्त लागलं होतं. आणि उपाय तर हातभर अंतरावर होता. आम्ही दोघी पाच मिनिटं जरी कामाचं बोललो असतो, तरी चूक सापडली असती. मला मोह आवरला नाही.

“ललिता, एकच विचारते. तू सुरुवातीला डेटा गाळताना...”

ललितानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भर कँटीनमागे खणखणीत आवाजात आरती सुरू केली. माझीच आरती, माझ्याच चालीत. आतला स्वयंपाकी खिडकीतून डोकावून बघायला लागला. मी गप्प बसले, तेव्हा ती थांबली.

“आता बोललो ना आपण, तर सर खरे होतील,” ती म्हणाली. “आतापर्यंत ते खोटे हायेत. तेवढंच आपल्यापाशी शिल्लक आहे, शैला. ते तरी राहू दे.”

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी ती मला फार आवडलीही. मी गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

 मग ललिता एकदम ताठ झाली. “अव्वो, पण सरांनी पेपर कुठं जवळ ठेवले?”

“कसले पेपर?”

“तेच म्हणाले ना, चूक सारखी दिसली की दोन्ही पेपर जवळजवळ ठेवून पायचे. त्यायनं काय केलं? आधी तुहे हिशेब तपासले, मंग माहे तपासले. बरोबर आहे का एवढंच पायलं. पण आपण केलं कसं, पहिल्या पायरीपासून, हे एकापाठी एक ऐकलं का? नाई ऐकलं. कॉपी करणाऱ्याचा पेपर सारखाच असते, पहिल्या ओळीपासून.”

“म्हणजे आपण सरांपुढे...”

“तू सांग, मी बाहेर बसते. मंग मी सांगते, तू तोंड शिवून बस. सर ठरवतीन.”

दुपारच्या जेवणानंतर आम्ही परत सरांच्या दारात उभ्या राहिलो. ठरलं का, असं त्यांनी विचारलं. ललितानं आमचं म्हणणं सांगितलं, आणि त्यांचेच शब्द इतक्या सभ्यपणे त्यांना ऐकवले की नाही म्हणायची सोय राहिली नाही. सरांनी उठून फळा पुसला. मग म्हणाले, “बरोबर आहे. हे मी करायला हवं होतं. घोरपडे, खडू घ्या.”

ललिता बाहेर गेली. मी फळ्यावर सुरुवातीपासून मांडलं. टेकाड काढून टाकलं. मग जोडीतल्या दोघांच्या ऊर्जेची बेरीज घेतली, बेरीज लाडवाएवढी भरते तेवढ्याच जोड्या ठेवल्या. योगायोगानं एकत्र आलेल्या जोड्या किती, ते शेजारच्या पट्ट्यांवरून ताडलं आणि वजा केलं. माझी सगळी भिस्त ऊर्जेवर होती. सर मधून मधून मान हलवत होते, एखादा प्रश्न विचारत होते. शेवटी त्यांनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं आणि ललिताला आत बोलावलं.

ललितानं पदर खोचला, खडू उचलला आणि माझ्याकडे न बघता सुरुवात केली. “टेकाड काढलं, सर, पहिले. मंग वेळ घेतली.”

आणि मी ऐकतच राहिले. तीन वर्षं ही बाई माझ्याशेजारी झोपत होती, माझ्या तव्यावर भाकरी टाकत होती, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. तिनं ऊर्जेला जवळजवळ हातच लावला नव्हता. दोन फोटॉन किती अंतरानं येतात याचा तिनं आलेख काढला होता, खऱ्या जोडीचा आकार कसा असेल आणि उसळून आलेल्याचा कसा असेल ते वेगवेगळं काढून एकमेकांतून सोडवलं होतं. योगायोगाच्या जोड्यांसाठी तिची युक्ती माझ्याहून कितीतरी सरस होती. मला अभिमान वाटत होता आणि थोडा हेवाही वाटत होता. एक गोष्ट तर आंधळ्यालाही दिसली असती. या दोन पेपरांत एक ओळ सारखी नव्हती.

सरांनाही ते दिसत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. ललितानं खडू ठेवला तेव्हा ते म्हणाले, “इंगोले, घोरपडे, कॉपीचा शब्द मी मागे घेतो. तुम्ही दोघी एकाच गावाला दोन वेगळ्या घाटांनी उतरला आहात.” मग त्यांनी कपाळ चोळलं. “पण मग दोघी एकाच खड्ड्यात कशा पडलात, तेवढं मला सांगा.”

ललिताला ते सांगता येणं शक्य नव्हतं, तिनं माझं ऐकलंच नव्हतं. दोन्ही ऐकणारी मी आणि सर. मी मनातल्या मनात तिच्या पायऱ्या माझ्या पायऱ्यांशेजारी ठेवून पाहिल्या. वेगळी, वेगळी, वेगळी. सारखं होतं ते फक्त पहिलं वाक्य. टेकाड काढून टाकलं. मी म्हटलं तेव्हा सरांनी मान हलवली होती, ललितानं म्हटलं तेव्हाही हलवली होती. देवघरात जाण्याआधी पाय धुतले असं कुणी म्हटलं तर आपण हलवतो तशी.

“सर,” मी म्हटलं, “मीठ टाकताना तुम्ही टेकाडावरही टाकलं होतं का?”

“छे. टेकाडावर मी कशाला...” सर बोलता बोलता थांबले. “मी हातानं टाकत नाही. प्रोग्राम टाकतो. गणितानं सांगितलेल्या प्रमाणात, लहान तुकडा, मोठा तुकडा, सगळीकडे...”

पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही. खरी जोडी लाडू कसाही फोडू शकते, मग टेकाडाच्या जागी पडणारे तुकडेही त्यात आलेच. आम्ही दोघींनी तो सगळा पट्टा कचरा म्हणून पहिल्याच फटक्यात फेकून दिला होता, आणि भीती इतकी की टेकाडापेक्षा चांगला ऐसपैस फेकला होता. फेकला तो फेकला, तिथे किती खऱ्या जोड्या गेल्या असतील याचा हिशेबही धरला नव्हता, कारण जिथे पाय ठेवायचा नाही तिथे काही असू शकतं हेच आमच्या मनात आलं नाही. सरांनी काल सगळे हिशेब तपासले, पण तेही तिथून पुढेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सर उठून फळ्यापाशी गेले आणि रिकाम्या जागेवर त्यांनी ते टेकाड काढलं. त्याकडे बघत पाठमोरे उभे राहिले.

“मी तुम्हाला याच्याबद्दल काय सांगितलं होतं?”

“तिथं माणसानं पाय ठेवू नये, सर,” ललिता हळूच म्हणाली.

“दुधानं तोंड पोळलं माझं,” सर म्हणाले, “आणि ताक तुम्ही दोघी फुंकत बसला आहात. तेही एकमेकींना न विचारता.” ते वळले तेव्हा त्यांचे कान लाल होते, पण या वेळी ते हसत नव्हते. “माझं चुकलं. तुमच्यावर आळ घेतला ते चुकलंच. त्याच्याही आधीपासून चुकत आलो, ते मला आज कळतंय. मला वाटायचं, मी तुम्हाला सावध करतोय.”

“सावध केलं म्हणून तर बाकीचं सगळं बरोबर आलं, सर,” मी म्हटलं. ते मी सरांना बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते, आणि त्यांना ते कळलं असावं.

पुढचा महिनाभर आम्ही परत आपापल्या कोपऱ्यात. अबोला सुरूच होता, आरत्याही सुरू होत्या. आता टेकाड ठेवून काम करायचं होतं. तिथले लबाड ओळखून वेगळे काढायचे, पण जागा सोडायची नाही. ते जिकिरीचं होतं, मात्र मजेचंही होतं. इतकं मोकळं मी आधी कधी काम केलं नव्हतं. सरांनी नवं मीठ टाकलं. या वेळी दोघींनी चव बरोबर सांगितली.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी सर तळघरात आले आणि त्यांनी परवलीचा शब्द आम्हाला सांगितला. झाकण उघडायचा दिवस. ललितानं नवी साडी नेसली होती. मी विचारलं तर म्हणाली, धुतलेली दुसरी नव्हती.

“घ्या उघडून,” सर म्हणाले आणि दाराकडे निघाले.

“तुम्ही, सर?”

“कुणीतरी एकानं बाजूला व्हायचं असं ठरलं होतं ना? ते तसं बरोबरच होतं. माणूस तेवढा मी चुकीचा धरला.” ते दारात थांबले. “मी इथे उभा राहिलो तर तुम्ही पडद्याकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघाल. मला टेकाडावर काही दिसलं तर मी हुरळेन, नाही दिसलं तर हुश्श म्हणेन. दोन्हीची तुम्हाला माझ्याकडून लागण होते, हे आता सिद्ध झालंय.”

ते बाहेर गेले आणि तळघराच्या पायऱ्यांवर बसले. एवढा मोठा माणूस, संस्थेचा विभागप्रमुख. वरून जाणारी येणारी मंडळी त्यांना वळसा घालून, नमस्कार करून जात होती.

आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसलो. मी कळ दाबली. ऊर्जेचा आलेख पडद्यावर डावीकडून उजवीकडे उमटत गेला. टेकाड आलं, त्यातले लबाड वजा झाले, आणि खाली उरली ती सपाट रेघ. आवश्यक तेवढी थरथरणारी, त्याहून जास्त काही नाही. मी पुन्हा पाहिलं. मग मागे न वळता विचारलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

“तुझं काय आलं?”

“काई नाई,” ललिता म्हणाली. “तुहं?”

“काही नाही.”

आम्ही खुर्च्या फिरवल्या आणि एकमेकींचे पडदे बघितले. दोन घाट, गाव एकच, आणि गावात कुणी नाही. मला वाटलं होतं की असं झालं तर मी रडेन. पण ललितानं माझा हात धरला आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत सुटलो. जोडी असलीच, तर इतक्या लाखांत एकीपेक्षा ती विरळ आहे, एवढं आता आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत होतो. जुन्या हिशेबानं, फेकलेल्या जोड्या न धरता गेलो असतो, तर त्याहून कितीतरी विरळ आहे अशी फुशारकी मारून बसलो असतो. पुढे कितीतरी वर्षांनी परदेशात आमच्याहून फार चपळ डिटेक्टर लावून लोकांनी ती जोडी खरोखर पकडली. आम्ही सांगितलेल्या मर्यादेच्या खालीच, पण त्या फुशारकीच्या मर्यादेच्या वर. अकोटहून ललितानं फोन करून मला ते सांगितलं. तेव्हा ती तिथे प्राचार्य होती आणि आवाज तसाच होता. “शैला, आपलं ‘काई नाई’ खरं निघालं वो,” ती म्हणाली.

पण ते पुढचं. त्या सकाळी मी दार उघडलं तेव्हा सर गुडघ्यांवर हात ठेवून पायरीवर बसलेले होते. त्यांनी मान वर केली.

“दोघींचं एकच आलं?”

“एकच आलं, सर.”

“काय आलं?”

“काही नाही.”

“टेकाडावर?”

“तिथेही काही नाही. नीट बघितलं आम्ही. तिथे उभं राहून बघितलं.”

सरांनी एक मोठा श्वास सोडला. इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हातरुमालानं पँट झटकली, पायऱ्या उतरून दारापर्यंत आले आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले.

“मी आत येऊ?” त्यांनी विचारलं.